फर्गस ह्यूमची 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब': कुठली आवृत्ती वाचावी?

प्रश्न
१८८६ची ही मेलबर्नमधली रहस्यकादंबरी वाचायला घेतोय. नेटवरच्या प्रतींचा मजकूर एकमेकांशी जुळत नाही. अस्सल कुठली? आणि रहस्य आज टिकतं का?

उत्तर १
ह्यूमने १८९६ साली पुस्तक सुधारून पुन्हा काढलं, म्हणून हा फरक. सुरुवातीला लेखकाची प्रस्तावना दिसली की सुधारित मजकूर समजा. ती प्रस्तावना मात्र शेवटी वाचा! पहिल्या खर्ड्यात खुनी कोण होतं आणि नंतर कोणाला केलं, हे त्याने तिथे नावानिशी लिहून टाकलंय. लिटल बर्क स्ट्रीटजवळच्या गलिच्छ वस्तीतल्या मदर गटरस्नाइपची शिवराळ भाषाही त्याने या आवृत्तीत सौम्य केली. माझं मत जुन्या मजकुराला. त्या म्हातारीच्या तोंडाला लगाम घातला की ती प्रकरणं फिकी पडतात.

उत्तर २
सुरुवात आजही पक्की आहे. हॅन्सम या दोनचाकी भाड्याच्या घोडागाडीत गाडीवान प्रवाशांच्या मागे, उंचावर बसतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. सगळा खून या एका गोष्टीवर उभा आहे. झिंगलेल्या माणसासोबत बसलेला दुसरा वाटेतच सेंट किल्डा रोडवर उतरून जातो. पुढे हाका मारून उत्तर येईना म्हणून गाडीवान खाली उतरतो, तर आतला मेलेला, तोंडावर क्लोरोफॉर्मचा रुमाल.

हे सगळं वर्तमानपत्रातली बातमी आणि मग मृत्यूचौकशीतल्या साक्षी अशा रूपात येतं. कंटाळून पानं उलटू नका, निसटलेल्या माणसाला पॉवलेट स्ट्रीटवर सोडणाऱ्या दुसऱ्या गाडीवानाची माहितीच गॉर्बी या डिटेक्टिव्हला ब्रायन या संशयितापर्यंत नेते. मधला प्रेमप्रकरणाचा भाग रेंगाळतो आणि योगायोगही फार आहेत. पण गॉर्बीला खोटं पाडायचं म्हणून बचावाच्या वकिलाला मदत करणारा दुसरा डिटेक्टिव्ह किल्सिप झकास जमलाय. दोन डिटेक्टिव्हांची ही चुरस मला मूळ कोड्यापेक्षा जास्त आवडते.

उत्तर ३
लेखकाबद्दल थोडं. मेलबर्नच्या पुस्तकविक्रेत्याकडून फ्रेंच रहस्यकथाकार गाबोरिओ खपतो असं कळल्यावर ह्यूमने त्याच्या कादंबऱ्या आणून अभ्यासल्या. प्रकाशक मिळेना तेव्हा स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं आणि पुढे हक्क अवघ्या ५० पौंडांना विकले. १८८७ला लंडनमध्ये ते निघालं, लाखांनी खपलं, आणि त्या खपातलं त्याला काहीच मिळालं नाही. त्याच वर्षाअखेर शेरलॉक होम्स अवतरला. १९३२मध्ये वारेपर्यंत ह्यूमने शंभराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, बऱ्याचशा घाईच्या. यानंतर थेट 'हेगर ऑफ द पॉन-शॉप' (१८९८) घ्या: गहाणवटीच्या दुकानात एकेक वस्तू येते आणि तिच्यामागचं गूढ हेगर उकलते.