किर्लोस्करांचा लेथ बेळगावात न घडता हरिहरला का घडला?

उद्यमबागकर (प्रश्न):
लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मले, घराण्याच्या उद्योगाची सुरुवात १८८८ च्या बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून मानली जाते आणि शहरात किर्लोस्कर रोडही आहे. असे असताना लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून त्याला आकार देणारे यंत्र) बनवणारा ‘मैसूर किर्लोस्कर’ कारखाना १९४१ साली हरिहरला का निघाला, आणि ज्याचे ‘टर्नमास्टर’ लेथ जुन्या वर्कशॉपांत अजून चालतात, तो बंद का पडला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर:
यातील पहिला दुवा १९१० चा आहे. बेळगावात चारा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होत असतानाच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेतली आणि किर्लोस्करांना बाहेर पडावे लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या काळात नांगर खपवणे मुळातच कठीण होते. त्यात ही अडचण. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि कर्ज दिले, तेथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने हातचा उद्योग घालवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरिहरचा जुना टर्नर:
आपले मत समजते, पण हरिहरचा संबंध नगरपालिकेशी जोडणे ओढूनताणून होईल, कारण मधे तीस वर्षे गेली होती. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे अवघड झाले होते आणि देशात लेथला मागणी होती. हरिहर मैसूर संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी आणि बेंगळुरू-हुबळी रेल्वेमार्गावर होते. मात्र लेथ बनवणे हे नांगर बनवण्यासारखे नाही. बेडचे, म्हणजे लेथच्या लांब पायाचे, कास्टिंग (ओतीव लोखंड) ओतल्यावर त्यातील ताण निघून जाण्यासाठी ते मुरू द्यावे लागते. घाई केली तर मशिनिंगनंतर बेड वाकतो. पुढे निळा रंग लावून, जेथे उंचवटा दिसेल तेथे स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार) चालवत बेडवरचे सरकमार्ग सपाट करायचे. हे काम पुस्तकातून येत नाही, आणि कारखान्याची खरी पुंजी असे हातच असतात.

फाउंड्रीवाला, बेळगाव:
बंद पडण्याविषयी लिहितो. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्याने बेंगळुरूला सरकारी एचएमटी (हिंदुस्थान मशीन टूल्स) उभी राहिली, तेव्हापासून स्पर्धा होतीच. १९९१ नंतर आयात शुल्क उतरले, परदेशी यंत्रे आली आणि मोठे ग्राहक सीएनसीकडे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांकडे, वळले. तरीही सगळे खापर आयातीवर फोडणे मला पटत नाही. त्याच बेंगळुरूत सीएनसी लेथ बनवणाऱ्या देशी कंपन्या वाढल्या. पाना-हँडलवर चालणाऱ्या लेथची बाजारपेठ आक्रसत असताना नव्या यंत्रांकडे वेळेत वळणे निर्णायक ठरले. आपल्या भागाने मात्र दुसरी वाट धरली: उद्यमबाग आणि मच्छे येथे कास्टिंग, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक पंपांचे सुटे भाग होतात, अलीकडे हत्तरगीला विमानांचेही.

उद्यमबागकर:
सर्वांचे आभार. वापरलेला टर्नमास्टर घ्यायचा विचार आहे, तर आधी काय पाहावे?

हरिहरचा जुना टर्नर:
चकजवळचा (काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळचा) बेड पाहावा, कारण झीज तेथेच अधिक होते. रंगरंगोटीकडे लक्ष देऊ नये. चाचणीसाठी लांब शाफ्ट फिरवून दोन्ही टोकांचा व्यास मोजावा आणि फरक दिसला तर स्क्रेपिंगचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.