हातातल्या जीपीएसचे सेल निम्म्या वेळातच संपतात: दोष सेलचा, सेटिंगचा की उपकरणाचा?

रानवाट

नमस्कार. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील देवरायांच्या सीमा आणि त्यांतील जुन्या झाडांच्या जागा नोंदवण्याचे काम आम्ही काही जण करीत आहोत. त्यासाठी दोन एए सेलवर चालणारे, बटणांचे आणि लहान रंगीत पडद्याचे जीपीएस वापरतो. माहितीपत्रकात ते २५ तास चालेल असे म्हटले आहे; प्रत्यक्षात नऊ-दहा तासांत बंद पडते. त्यातही त्रासाची गोष्ट अशी की बॅटरीचे चिन्ह दोन पट्ट्या दाखवीत असतानाच एकाएकी 'बॅटरी कमी' असा इशारा येतो आणि दोन-चार मिनिटांत पडदा काळा होतो.

सेल पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे, निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असून त्यांवर २८०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले आहे. चार्जर साधा आहे. त्यात सेल जोडीनेच लावावे लागतात आणि जोडीला मिळून एकच दिवा आहे. होकायंत्र आणि ग्लोनास (जीपीएससारखीच रशियाची उपग्रह यंत्रणा) सुरू असतात. बॅकलाइट पूर्ण ठेवतो, कारण ऐन-किंजळीच्या दाट रायांत भरदुपारीही पडद्यावरचे नीट दिसत नाही. दुकानदाराने नवीन उपकरण घेण्याचा सल्ला दिला आहे. तो मानण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे शोधून काढण्याची काही पद्धत आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भटकंती

सेटअपमध्ये 'बॅटरी टाइप' असा पर्याय असतो, तो आधी पाहावा. तिथे बहुधा 'अल्कलाइन' निवडलेले असेल. ते बदलून 'एनआयएमएच' (निकेल-मेटल हायड्राइड) केले की तक्रार मिटेल, असा माझा तरी अनुभव आहे. बॅकलाइटही १५ सेकंदांत आपोआप बंद होईल असा ठेवावा.

जुना रेडिओवाला

भटकंती यांनी सांगितलेली सेटिंग जरूर तपासावी, परंतु तिच्याने तक्रार मिटेल असे मला वाटत नाही, कारण ती सेटिंग वीज वाचवीत नाही. सेलच्या व्होल्टेजवरून किती पट्ट्या दाखवायच्या आणि इशारा केव्हा द्यायचा एवढेच उपकरण तिच्यावरून ठरवते. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो. तुमच्या प्रकारचा सेल मात्र जवळजवळ सगळा वेळ १.२ ते १.२५ व्होल्टवर टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. उपकरण अल्कलाइनच्या हिशेबाने वाचत असेल, तर नुकता चार्ज केलेला सेलही त्याला अर्धा संपलेला दिसणार, ते तासन् तास दोनच पट्ट्या दाखवणार आणि मग अचानक मान टाकणार. दोन पट्ट्यांवर बंद पडण्याचे कोडे त्यामुळे उलगडते; पंचवीस तासांचे दहा तास का होतात, हे उलगडत नाही.

आता थोडे गणित करू. दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात तेव्हा व्होल्टेज दुप्पट होते, मिलीअँपिअर-तास नाहीत. चांगल्या सेलची खरी क्षमता २००० मिलीअँपिअर-तास धरली, तर २५ तास चालण्यासाठी उपकरणाने सरासरी ८० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह घ्यायला हवा. ते दहा तासांत थांबते, याचा अर्थ एकतर ते २०० मिलीअँपिअर ओढत आहे, किंवा तुमच्या सेलमध्ये ८०० मिलीअँपिअर-तासच उरले आहेत, किंवा या दोहोंची काहीतरी बेरीज आहे. कंपनीचा आकडा बॅकलाइट बंद, मोकळे आकाश आणि बटणांना फारसा हात न लावणे अशा सोयीच्या परिस्थितीतला असतो. त्यामुळे तुमच्या कामात पंचवीस तास मिळतील अशी अपेक्षा मुळातच ठेवू नये. सोळा-सतरा मिळाले तर उपकरण निरोगी समजावे.

सेल की उपकरण, हे वेगळे करण्याची पद्धत सोपी आहे. बाजारातून नामांकित कंपनीच्या अल्कलाइन सेलची ताजी जोडी आणावी, बॅटरी टाइप तसा करावा, बॅकलाइट आणि होकायंत्र बंद करावे, ट्रॅकची नोंद सुरू ठेवावी आणि उपकरण प्लॅस्टिकच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवून द्यावे. डबा स्टीलचा नको, त्यात उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत. जागत बसण्याची गरज नाही. ट्रॅकच्या पहिल्या आणि शेवटच्या बिंदूची वेळ पाहिली की उपकरण किती तास चालले ते कळते. मग सेटिंग तेच ठेवून, फक्त बॅटरी टाइप बदलून, तुमच्या सेलवर हाच प्रयोग करावा. अल्कलाइनवर वीसच्या पुढे आणि तुमच्या सेलवर दहा-बारा तास आले, तर दुकानदाराचा सल्ला बाजूला ठेवायला हरकत नाही.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उपकरण बंद पडले की लगेच सेल काढून दोन्हींचे व्होल्टेज मल्टिमीटरने वेगवेगळे मोजावे. एक १.२ च्या वर आणि दुसरा १ च्या आसपास वा खाली असेल, तर तो दुसरा सेल आजारी आहे आणि तो चांगल्यालाही सोबत घेऊन बसतो. जोडीने चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये हे हमखास घडते: एक सेल भरून तापू लागतो तरी दुसरा अर्धवटच असतो, आणि प्रत्येक वेळी ही तफावत वाढत जाते.

दुसरे म्हणजे सेलच्या कप्प्यातील स्प्रिंग आणि पत्र्याचे संपर्क. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत त्यांवर हिरवट-काळपट थर न चढला तरच नवल. या थरामुळे अर्धा ओहम रोध जरी वाढला, तरी २०० मिलीअँपिअरला ०.१ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दोन सेलचे मिळून २.४ व्होल्टच असताना आणि असे चार संपर्क वाटेत असताना ही गळती लहान नाही. उपकरण सेलमध्ये वीज शिल्लक असतानाच ते संपले असे समजते. पूर्वी कधी अल्कलाइन सेल आत फुटला असेल आणि पांढरी पूड दिसत असेल, तर कानाच्या काडीच्या कापसावर लिंबाचा थेंब घेऊन ती पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळवावे. पॉलिश पेपर लावू नये, त्याने निकेलचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो.

२८०० या आकड्याबद्दल माझे मत चांगले नाही. एए आकारात एवढी क्षमता बसवणारे सेल असतात, पण ते स्वतःहून लवकर उतरतात; उन्हाळ्यात चार्ज करून तीन-चार आठवडे पिशवीत राहिले की त्यांतील बराच भाग न वापरताच गेलेला असतो. स्वस्त सेलवरचे आकडे तर अनेकदा छापण्यापुरतेच असतात. सान्योने २००५ मध्ये एनेलूप या नावाने हळू उतरणारे सेल आणले, त्यानंतर इतर कंपन्यांनीही तसे काढले. त्यांवर आकडा २००० च्या आसपास दिसतो, पण वर्षभर ठेवले तरी बहुतेक वीज शिल्लक असते.

रानवाट

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रयोग केले. अल्कलाइन जोडीवर ट्रॅकची नोंद बावीस तासांच्या पुढे गेली. आमच्या सेलवर, सेटिंग तेच असताना, ती साडेबारा तासांत थांबली. बंद पडल्यावर एक सेल १.२३ व्होल्ट आणि दुसरा ०.९६ व्होल्ट भरला. बॅटरी टाइप खरोखरच 'अल्कलाइन' होता. झाकणाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर, सेल जिथे टेकतो तिथेच, मसुराएवढा काळा डाग होता. तो अल्कोहोलने पुसल्यावर निघाला.

आता दोन शंका आहेत. नवीन सेल घेताना यूएसबीची तार थेट सेललाच लावून चार्ज करता येणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल घ्यावेत का? दुकानात त्यांची फार शिफारस केली जाते. आणि होकायंत्र, ग्लोनास, 'वास' (जागेतील चूक कमी करणारे उपग्रहांचे संदेश घेण्याचा पर्याय) वगैरे बंद केल्याने आमच्यासारख्या कामात कितपत फरक पडेल?

हिमवाट

पहिल्या शंकेपुरते लिहितो. लिथियम या नावाखाली दोन अगदी वेगळे सेल विकले जातात. एक आहे एकदाच वापरायचा लिथियम सेल. तो उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत काम देतो, अल्कलाइनपेक्षा वजनाला हलका असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. हिमालयात रात्री तंबूत गारठलेला अल्कलाइन सेल सकाळी निम्माही चालत नाही, तिथे आम्ही तोच नेतो. कोकणात त्याच्यावर पैसे घालण्याचे कारण नाही.

दुसरा म्हणजे तुम्ही म्हणता तो, यूएसबीने चार्ज होणारा. त्याच्या आत ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल आणि ते व्होल्टेज १.५ वर आणणारे छोटे सर्किट असते. ते सर्किट शेवटपर्यंत १.५ व्होल्टच देत राहते, त्यामुळे उपकरणाला सेल कायम भरलेला दिसतो आणि चारही पट्ट्यांवरून ते थेट बंद पडते. शिवाय अशा सर्किटमुळे रेडिओ लहरींत गोंधळ होऊ शकतो, आणि जीपीएसला मुळात फारच क्षीण संकेत पकडायचा असतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला किंवा मुलांच्या खेळण्याला तो सेल ठीक आहे.

बिंदुनोंद

वनहक्क दाव्यांच्या मोजणीसाठी अशीच उपकरणे मी बराच काळ वापरली आहेत, म्हणून दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

सर्वाधिक वीज बॅकलाइट खातो, बाकी सगळे त्याच्या मागे. या उपकरणांचा पडदा मोबाइलसारखा नसतो. तो बाहेरच्या उजेडावर दिसतो. कातळसड्यावर ऊन असताना बॅकलाइट शून्यावर आणला तरी पडदा उलट अधिक स्पष्ट वाटतो. रायीच्या आत तो लागतो हे खरे, परंतु पूर्ण नव्हे. तिथे सावलीला डोळे सरावले की तीस-चाळीस टक्के पुरतो, आणि नोंद करताना तेवढा वेळच तो लागावा म्हणून मर्यादा १५ सेकंदांची ठेवावी. 'बॅटरी सेव्ह' असा पर्याय असेल तर बॅकलाइटबरोबर पडदाही बंद होतो, ट्रॅक मात्र नोंदला जात राहतो. सीमेवरून नुसते चालायचे असते तेव्हा हा पर्याय फार उपयोगाचा आहे.

होकायंत्र निःशंक बंद करावे. चालत असताना दिशा जीपीएसवरूनही कळते. होकायंत्र लागते ते एका जागी उभे राहून दिशा पाहताना, आणि तेव्हा ते बटण दाबून सुरू करता येते. नकाशा चालण्याच्या दिशेने फिरता न ठेवता उत्तर वर ठेवावा. प्रत्येक वळणावर समोच्च रेषांसह सगळा नकाशा पुन्हा रेखाटण्यात प्रोसेसर उगाच राबतो. जुने ट्रॅक साठवलेले असतील तर ते नकाशावरून लपवावेत.

ग्लोनासच्या बाबतीत मात्र मी वीज वाचवण्याच्या विरोधात आहे. सड्यावर आठ-दहा उपग्रह सहज दिसतात, तिथे तो बंद असला तरी चालेल. पण गारंबीच्या वेलांनी छत बांधलेल्या रायीत आकाशाचे तुकडेच दिसतात. तिथे उपग्रहांची संख्या जितकी जास्त तितकी बिंदूची जागा भरवशाची. शिवाय संकेत तुटला की उपकरण सतत शोध घेत राहते आणि त्यातही वीज जातेच. सीमेचा बिंदू पंधरा मीटर चुकला तर एखादे सातवीणीचे झाड रायीबाहेर पडते, आणि तेवढ्यासाठी पुन्हा मंडणगड गाठण्यापेक्षा खिशात सेलची आणखी एक जोडी ठेवणे स्वस्त पडते.

'वास' हा पर्याय अमेरिकेच्या यंत्रणेच्या नावाने दिसतो. आपल्याकडची तशी यंत्रणा म्हणजे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची 'गगन'. तिचे संदेश जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या भूस्थिर उपग्रहांवरून येतात. मोकळ्यावर उपग्रहांच्या पानावर त्यांपैकी एखादा धरलेला दिसला, तर सुरू ठेवण्यात अर्थ आहे. तुमचे उपकरण तो धरतच नसेल, तर तो पर्याय निव्वळ खर्चाचा आहे, बंद करावा.

जुना रेडिओवाला

मोजमापे बघता उपकरण निर्दोष आहे. ०.९६ भरलेला सेल आणि त्याचा जोडीदार, दोन्ही जीपीएसमधून काढून टाकावेत, १.२३ वाला भिंतीवरच्या घड्याळात चालेल. ई-कचरा जिथे घेतात तिथे खराब सेल द्यावा, चुलीत वा कचऱ्यात टाकू नये.

नवे हळू उतरणारे सेल घ्याल तेव्हा चार्जरही बदलावा, नाहीतर वर्षभरात हीच अवस्था होईल. प्रत्येक सेलला स्वतंत्र खाना आणि स्वतंत्र दिवा असलेला चार्जर पाहिजे; क्षमता मोजून दाखवणारा मिळाला तर उत्तम, कारण मग छापील आकड्यावर विसंबावे लागत नाही. आणल्या दिवशीच प्रत्येक जोडीवर मार्करने खूण करावी, म्हणजे 'क' जोडीतला एक सेल 'ख' मधल्याबरोबर जाणार नाही. जोडीतील एका सेलची क्षमता दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली आली की ती जोडी राखीव करावी.

पावसाळ्यात काम बंद असते तेव्हा सेल उपकरणात ठेवू नयेत. बंद असतानाही आतले घड्याळ किंचित प्रवाह घेतच असते, आणि दमट हवेत तेवढ्याने पत्र्यावरचा तो काळा डाग पुन्हा धरतो.