रुग्णालयजन्य संसर्गाचा जिल्हावार नकाशा कितपत विश्वासार्ह असतो?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर जडणारे संसर्ग देशाच्या कोणत्या भागात जास्त आढळतात, याचा नकाशा मला प्रबंधासाठी करायचा आहे. मिळालेले प्रकाशित आकडे जिल्ह्यांवर मांडले, तेव्हा मोठ्या शहरांतील शिक्षण-रुग्णालये असलेले जिल्हे गडद लाल झाले आणि बाकीचे जवळजवळ पांढरे राहिले. लहान जिल्ह्यांतील रुग्णालये एवढी निर्जंतुक असतील, हे मला पटत नाही. हा फरक खरा किती आणि नोंदींमुळे किती, हे कसे ओळखावे?

सूक्ष्मदर्शक

आपली शंका रास्त आहे. नकाशावरील पांढऱ्या रंगाचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘संसर्ग नाही’ असा नसून ‘मोजणी नाही’ असा असतो. रक्तातील संसर्ग नोंदवण्यासाठी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावे लागते, तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ताप येतो, इंजेक्शन बदलले जाते आणि रुग्ण बरा होतो किंवा दगावतो, पण नोंदवहीत संसर्ग म्हणून काहीच उमटत नाही. आपल्याकडे अशा संसर्गांची शिस्तशीर मोजणी करणारे जे जाळे दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने उभे राहिले, त्यातही प्रामुख्याने मोठी रुग्णालयेच आहेत. ज्याने प्रामाणिकपणे मोजले तोच नकाशावर लाल दिसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट छेदाची, म्हणजे संसर्गांच्या संख्येला कशाने भागायचे याची. सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी; ती एका रुग्णाला एक दिवस असली की एक लाइन-दिवस. चार संसर्ग 500 सेंट्रल लाइन-दिवसांत झाले तर दर हजार लाइन-दिवसांमागे 8 येतो. तेच चार 2,000 लाइन-दिवसांत झाले तर 2. नुसती रुग्णसंख्या किंवा जिल्ह्याची लोकसंख्या छेदात घेतली, तर ज्या शहरात अतिदक्षता विभाग जास्त ते शहर आपोआप दोषी ठरते.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये संसर्ग-नियंत्रणाचे काम करतो, म्हणून इथला अनुभव सांगतो. एमआरएसए या, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाची नोंद इथे 2001 पासून सक्तीची झाली. 2003-04 मध्ये वर्षाला सुमारे 7,700 प्रकरणे नोंदवली जात होती आणि त्या काळात लंडनचा दर देशात सर्वांत वरचा होता. प्रत्येक रुग्णालयाला मोजणे भागच असल्यामुळे हा फरक केवळ नोंदींचा आहे असे म्हणता येत नव्हते. त्याचे एक कारण पुढे जनुकीय अभ्यासातून समोर आले. ईएमआरएसए-16 या एमआरएसएच्या एका वाणाचा माग काढणाऱ्या 2012 च्या अभ्यासात असे दिसले की लंडन आणि ग्लासगोसारख्या मोठ्या शहरांतील रुग्णालये या जंतूची साठवण-केंद्रे होती आणि तेथून तो लहान गावांच्या रुग्णालयांत पोहोचत होता. रुग्ण उपचारासाठी वर जातो, तिथे जंतू अंगावर घेतो आणि पुढील उपचारासाठी गावच्या रुग्णालयात परततो. जंतूचा प्रवास याच वाटेने होतो.

म्हणून जिल्हा हे एकक मला अपुरे वाटते. गडचिरोली आणि चंद्रपूरचा गंभीर रुग्ण नागपूरला जातो, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातूनही तिथेच येतो. या संसर्गाच्या दृष्टीने ती सारी रुग्णालये एकाच क्षेत्रात मोडतात, मधली राज्याची सीमा जंतूला आडवी येत नाही. कोणत्या रुग्णालयातून कोणत्या रुग्णालयात किती रुग्ण पाठवले जातात याच्या रेषा आधी काढाव्यात आणि संसर्गाचे दर त्यांच्यावर मांडावेत, असे मी सुचवेन.

मात्र सगळे फरक पाठवणीने उलगडत नाहीत. कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचे उदाहरण पाहा. भारतातील 27 अतिदक्षता विभागांत रक्तात कॅन्डिडा गटातील कोणत्याही बुरशीचा संसर्ग झालेले 1,400 रुग्ण तपासले गेले, त्यांपैकी 74 जणांत कॅन्डिडा ऑरिस होती आणि ती 19 विभागांत आढळली. उत्तर भारतात आणि सरकारी रुग्णालयांत तिचे प्रमाण जास्त होते. या रुग्णांचा निदानापूर्वीचा अतिदक्षता विभागातील मुक्काम मध्यक 25 दिवस होता, इतरांचा 15. प्रदेशाचा रंग भरण्यापूर्वी मुक्कामाचे दिवस आणि आधी दिलेली बुरशीरोधक औषधे हिशेबात घ्यावी लागतील, नाहीतर जे उपचारपद्धतीमुळे घडते ते आपण भूगोलाच्या माथी मारू.

मांजराकाठ

दोघांचेही आभार. एक अडचण राहते: संसर्ग एका ठिकाणी जडला आणि दुसरीकडे आढळला, तर तो कोणाच्या खाती धरावा?

सूक्ष्मदर्शक

बदलीच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी संसर्ग सुरू झाला, तर तो आधीच्या ठिकाणचा धरण्याची पद्धत आहे. त्यानंतरचा संसर्ग रुग्ण घेणाऱ्या ठिकाणच्या नावावर जातो. म्हणूनच पाठवणीच्या कागदावर लाइन आणि कॅथेटर (लघवीची नळी) कोणत्या तारखेला घातले हे लिहिलेले असणे अत्यंत आवश्यक आहे.

जुनी परिचारिका

मी 26 वर्षे प्रसूती विभागात काम केले. माझे म्हणणे सिझेरियनच्या जखमेपुरते आहे. ती जखम बाईला घरी पाठवल्यानंतर चिघळते, म्हणून 30 दिवस पाठपुरावा करायचा असतो. आमच्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते आणि सव्वा महिना तिथेच राहते, पण आधार कार्डावर पत्ता सासरचा असतो. नोंदीतील पत्त्यावरून नकाशा काढला, तर बीडमध्ये झालेला संसर्ग लातूरचा दिसेल. त्यातून टाक्यांना पू आला तरी ती आमच्याकडे परत येत नसे; जवळच्या खासगी डॉक्टरकडे ड्रेसिंग करून घेई आणि आमचे रजिस्टर कोरे राही. आम्ही घरी सोडताना आईचा किंवा भावाचा मोबाइल क्रमांक लिहून घेऊ लागलो आणि सातव्या, पंधराव्या व तिसाव्या दिवशी फोन करू लागलो, तेव्हा आमच्या विभागाचा आकडा एकाएकी वाढला. वरून विचारणा झाली. काम बिघडले नव्हते, फक्त मोजायला लागलो होतो, हे समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. आपण प्रबंधात प्रत्येक रुग्णालयाच्या दराशेजारी तिथे पाठपुरावा कसा होतो हे लिहावे, आणि जिथे तो होत नाही तिथे पांढरा रंग न देता राखाडी द्यावा.