संधी, तह की युती? ‘मिलिटरी अलायन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

लष्करकर (ग्वाल्हेर): नाटोवरच्या हिंदी लेखाचा मराठी अनुवाद तपासतोय. ‘संधि’चं सरळ ‘संधी’ झालंय: ‘फिनलंड २०२३ मध्ये संधीत सामील झाला.’ वाचणाऱ्याला चान्स वाटणार. ‘तह’ करू?

राजवाडा (इंदूर): तह नको. तह लढाई थांबवतो. महिदपूरला हरल्यावर होळकरांनी मंदसोरला केला तो तह, १८१८. ‘लष्करी युती’ लिहा. ‘संधी’चा जुना अर्थ आता ‘शस्त्रसंधी’, ‘संधिविग्रह’ (तह आणि युद्ध) अशा जोडशब्दांतच उरलाय.

मांडवी (वडोदरा): लढाई नसतानाही तह होतो. वसईचा बघा, ३१ डिसेंबर १८०२. पेशवा कंपनीशी लढत नव्हता, आसरा मागत होता. कंपनीचं किमान ६ हजार पायदळ कायम पदरी, खर्चाला २६ लाखांचा मुलूख, आणि एकाचा शत्रू तो दोघांचा. ही लष्करी युतीच, नाव मात्र तह.

लष्करकर: ती तैनाती फौज झाली. कंपनीला विचारल्याशिवाय पेशव्याला दुसऱ्या दरबाराशी बोलणीही करता येत नव्हती. नाटोच्या ५व्या कलमात एकावरचा सशस्त्र हल्ला सगळ्यांवरचा मानतात, पण मदत कोणती करायची ते ज्याचं तो ठरवतो. अनुवादात ‘सर्वांना युद्धात उतरावेच लागते’ आलंय, ते आधी काढतो.

राजवाडा: काढाच. आणि करार नि युती वेगळे ठेवा. करार म्हणजे कागद, युती म्हणजे त्यावर उभा राहिलेला गट. १९७१च्या भारत-सोव्हिएत करारात ९वं कलम हल्ल्याचा धोका दिसताच सल्लामसलत करा म्हणतं, फौज पाठवा म्हणत नाही. त्याला युती म्हटलं तर अर्थच बिघडतो.

मांडवी: ‘युती’ वाचलं की जागावाटप आठवतं. ‘आघाडी’ तर रणांगणावरचीही असते, एकाच परिच्छेदात दोन अर्थ आले की घोळ. आपल्याकडे सगळे ‘गठबंधन’ म्हणतात, तेच लिहायला काय हरकत?

राजवाडा: बोलण्यात चालेल, छापील मराठीत नको. पुण्या-नाशिकचा वाचक अडखळेल.

मांडवी: वाचक आपलाही आहे की! इथल्या मराठीने किती दिवस पुण्याला विचारून लिहायचं? आणि ‘तह’ तरी कुठे अस्सल आहे?

लष्करकर: आमच्याकडे चादरीची तह करतात, म्हणजे घडी. घडी घातलेला कागद तो तह, असं मला वाटतं.

राजवाडा: नाही पटत. घडी तर प्रत्येक पत्राची होते. शिवाय कागदाला ‘तहनामा’ असा वेगळा शब्द आहेच. म्हणजे तह हा कागद नव्हे, ठरलेली गोष्ट.

मांडवी: मग ‘तहाची कलमं’ कशी म्हणतो आपण? कलमं कागदालाच असतात.