पाने कापणाऱ्या मुंग्यांना झाड सापडते कसे?

खानापूरकर
पाने कापणाऱ्या मुंग्यांचा व्हिडिओ दाखवल्यापासून नववीची मुले एकच प्रश्न विचारत आहेत. ऊसतोड टोळीला मुकादम असतो, तसा कोणीही नसताना हजारो मुंग्या नेमक्या एकाच झाडावर कशा पोहोचतात? शिवाय शाळेतल्या गुलाबाची गोल कातरलेली पाने दाखवून या मुंग्या आपल्याकडेही आहेत, असा त्यांचा दावा आहे. जाणकारांनी खुलासा करावा.

निपाणीकर
सर, गुलाबावरचे काप बहुधा पानकापी मधमाशीचे असावेत. ती त्या तुकड्यांनी पोकळीत अंड्यांसाठी कप्पे तयार करते. व्हिडिओतल्या पाने कापणाऱ्या, म्हणजे ॲटा आणि ॲक्रोमरमेक्स या प्रजातींतील मुंग्या मात्र केवळ अमेरिका खंडांत आढळतात.

आता मूळ प्रश्न. काही मुंग्या एकेकट्या टेहळणीला निघतात. एखादीला चांगले पान सापडले की परतताना ती पोटाचे टोक जमिनीला टेकवत विषग्रंथीतील गंधद्रव्याची रेघ ओढते. टेक्सासमधील एका जातीच्या या द्रव्याची रासायनिक ओळख 1971 मध्ये पटली. हा गंध हळूहळू उडून जातो, त्यामुळे ज्या वाटेने अधिक मुंग्या समाधानाने परततात ती वाट ठळक होत जाते आणि निकृष्ट झाडाची वाट कोणी न पुसताही पुसली जाते. झाड नवे असेल तर सुरुवातीच्या मुंग्या लहान तुकडे घेऊन लगबगीने परततात, कारण तेव्हा ओझ्यापेक्षा बातमी लवकर पोहोचणे महत्त्वाचे असते.

पान कापण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. मागच्या पायांनी पानाची कड धरून मुंगी कंपासाप्रमाणे फिरते आणि जबड्याने कमानीसारखा तुकडा काढते. पान कोवळे व रुचकर असेल तर ती पोटाकडील खवले एकमेकांवर घासते. तो कंप देठातून पसरतो आणि जवळच्या मुंग्या तिकडे वळतात. मुख्य वाटा पालापाचोळा दूर करून स्वच्छ ठेवल्या जातात आणि त्या शंभर मीटरहून लांबही असू शकतात.

जांबोटीचा रानमाणूस
एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. या मुंग्या पाने खात नाहीत. त्यांवर बुरशी वाढवून ती पिलांना भरवतात आणि स्वतः मुख्यतः पानांचा रस पितात. हीच शेती आपल्या रानातील वारुळांत वाळवी वाळलेल्या पाल्यावर व लाकडावर करते. पावसाळ्यात वारुळालगत येणारी अळंबी त्याच बुरशीची असतात. अर्थात वाळवी ही मुंगी नव्हे. ती झुरळांच्या जवळची आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

खानापूरकर
आभारी आहे. पण एखादे पान मुंग्यांना आवडले आणि बुरशीला बाधले, तर काय होते?

निपाणीकर
सर, माझ्या मते या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच आहे. बुरशीनाशक लावलेली पाने प्रयोगात मुंग्या आधी बिनदिक्कत वाहून नेतात, कारण त्यांना स्वतःला त्यात काही वावगे जाणवत नाही. बुरशी आजारी पडू लागली की मात्र त्या ती पाने नाकारतात आणि हा नकार कित्येक आठवडे टिकतो. बाहेर ते पान कधीच न तोडलेल्या मुंग्याही बुरशीच्या बागेत त्याची संगत घडल्यावर त्याला टाळू लागतात. म्हणजे कोणत्या झाडावर जायचे हे ठरवताना बुरशीचेही मत धरले जाते.