अनुभव धागा : वर्कशॉपचा पोशाख आणि कामावरची वागणूक, तुमच्याकडे काय लागू पडलं?

मी परभणी जिल्ह्यातल्या एका आयटीआयत फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. नवी बॅच आली की दरवर्षी तेच. पोरांचा हात चांगला असतो, कष्टाला मागे नसतात, पण कुणी चप्पल घालून वर्कशॉपात येतं, कुणाच्या मनगटात कडं, कुणाचा शर्ट बाहेर लोंबतोय. ओरडलं की तेवढ्यापुरता फरक पडतो. माझं मत सरळ आहे : कारण कळलं आणि परवडलं, तर पोरं पोशाख पाळतात. एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स विषयात नीटनेटकेपणा, बोलणं, वेळ पाळणं सगळं आहे, पण ते नुसतं वाचून दाखवलं तर पेपरापुरतं पाठ होतं. म्हणून शिकवणाऱ्यांनी, शिकलेल्यांनी, नोकरीवर घेणाऱ्यांनी आणि घरून डबा बांधून देणाऱ्यांनीही लिहावं. उपदेश नको, घडलेलं सांगा.

टर्नर निदेशक, लातूर

मी पहिल्याच आठवड्यात लेथ (धातूचा तुकडा गरगर फिरवून कापायचं यंत्र) बंद ठेवून, मेन स्विच काढून, चक म्हणजे तो तुकडा धरणारा गोल भाग हातानं सावकाश फिरवतो. जुन्या शर्टाची एक बाही त्याच्या जबड्याला लावतो. बाही हळूहळू गुंडाळत जाते, पोरं हसतात. मग विचारतो, हेच मिनिटाला ५०० फेऱ्यांनी झालं तर? गणित त्यांनाच करायला लावतो. सेकंदाला आठ फेरे! तुमचा हात मागं घ्यायचा विचार डोक्यात येईस्तोवर काय झालेलं असेल? त्यानंतर शर्ट आत खोचायला सांगावं लागत नाही.

एक गैरसमज मात्र हटकून निघतो. हातमोजे घातले म्हणजे सुरक्षित, असं पोरांना वाटतं. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजा घालायचाच नाही, तो अडकला की हाताला घेऊन जातो. धातूचा कीस काढायला ब्रश किंवा हूक. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालतं यंत्र तपासणाऱ्या किंवा त्याला वंगण घालणाऱ्या कामगारानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत असं लिहिलेलं होतं, हेही मी सांगतो. कपडा ही मास्तरची लहर नाही, एवढं त्यांना त्यातून पटतं.

वेल्डर, जालना

मी रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला आहे. आयटीआयला असताना आमचे सर शर्टाचं कापड चिमटीत धरून बघायचे. पॉलिस्टर दिसलं की बूथवर उभं राहू द्यायचे नाहीत. ठिणगी सुती कापडावर पडली तर छिद्र पडतं, पॉलिस्टरवर पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. पँटची खालची घडी उलगडायला लावायचे, कारण ठिणग्या तिथंच जाऊन बसतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, वर चामड्याचा ॲप्रन, नको नको व्हायचं. पण सर स्वतः तेवढंच घालून आमच्या शेजारी उभे असायचे. आता माझ्या हाताखाली अप्रेंटिस येतात. त्यांना सुती शर्ट आठवडी बाजारातून जुना आणला तरी चालतो असं सांगतो. इस्त्री नसली तरी चालेल, सूत पाहिजे.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तिसरं वर्ष, नांदेड

आमच्याकडे केसांचा अंबाडा, नखं कापलेली, हात कोपरापर्यंत मोकळे. मुलींना सगळ्यात जड जातं ते बांगड्यांचं. माझं लग्न शिकताना झालं. हिरवा चुडा उतरवायचा नाही, असं सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं. वॉर्डात तो चालणार नव्हता. मी दोन्हीकडून अडकले.

ट्यूटर मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत. सासूबाईंना भेटायला बोलावलं, नवजात बाळांच्या कक्षाच्या काचेपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आई, एवढ्याशा जिवाला बांगडीचा ओरखडा लागला तर? आणि हात कितीही धुतला तरी बांगडीखाली, अंगठीखाली जंतू राहतात." सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं की." त्या दिवसापासून ड्यूटीला जाताना चुडा त्याच काढून घ्यायच्या, मऊ फडक्यात बांधून देवाजवळ ठेवायच्या आणि परत आले की घालायच्या. मंगळसूत्र आखूड करून आत.

मॅडमनी हात धुण्याच्या पाच वेळा आमच्याकडून घोटून घेतल्या : रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त वा स्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. बोलण्याचंही तसंच. "बेड नंबर दहा" म्हणायचं नाही. नाव विचारायचं, आपलं सांगायचं, "काका, बीपी बघते, बाही वर घेऊ का?" खेड्यातून आलेली म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्याला घाबरतात. असं विचारलं की त्यांचा जीव थोडा खाली बसतो.

इलेक्ट्रिशियन, धाराशिव

थोडक्यात लिहितो. अंगठी, तांब्याचं कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ विजेच्या पॅनलवर काम करताना चालत नाही. एका पोराच्या अंगठीत ज्योतिषानं दिलेला खडा होता, तो काढायला तयार नव्हता. "काढ" असं मी म्हटलंच नाही. कापडी पिशवीत घालून खिशात ठेव, अंगावरच राहील, म्हटलं. मिटलं.

वाळूज एमआयडीसी, शॉप सुपरवायझर

आमच्याकडे अप्रेंटिस घेताना मी कपड्यापेक्षा तीन गोष्टी बघतो. येणार नसेल तर शिफ्टच्या आधी फोन करतो का. समजलं नाही तर "समजलं नाही" म्हणतो का, की नुसती मान हलवतो. आणि जॉब, म्हणजे करायला दिलेला भाग, बिघडला तर लपवतो की आणून दाखवतो. मोबाईल लॉकरमध्ये ठेवणं हे चौथं, पण ते लवकर शिकतात.

भाषेबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. "सर, मी करायलो की" म्हणणारं पोरगं उद्धट नाही. ती आपली बोली आहे. बाहेरचे काही साहेब त्यावरून पोरांची किंमत करतात आणि पोरं मग तोंडच उघडत नाहीत. मशीनमधून वेगळा आवाज येत असला तरी गप्प राहतात, हे फार धोक्याचं आहे. बोलीतच बोला, पण स्पष्ट बोला, समोरच्याकडे बघून बोला, एवढंच शिकवा.

पालक, हिंगोली जिल्हा

आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर लागतो. पोराकडं ड्रेस एकच. सकाळी सहाच्या एसटीनं जायचं, अंधारात परत. तो ड्रेस रोज धुवायला पाणी कुठून आणायचं? तिथल्या एका संस्थेत मळक्या ड्रेसला दंड लावला. पोरगं दंडाच्या भीतीनं घरी बसाया लागलं. नंतर दुसरे एक सर आले. त्यांनी वर्कशॉपच्या मागं नळ आणि दोरी दिली. पोरं शनिवारी दुपारी तिथंच ड्रेस धुवून वाळवून न्यायली. दंड बंद झाला, हजेरी वाढली. स्वच्छ राहायला कुणाला आवडत नाही, साहेब?

सुईंग टेक्नॉलॉजी (शिवणकाम) निदेशिका, बीड

वरच्या काकांचं वाचून लिहिते. आमच्या कितीतरी पोरांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यातच परत येतात. पोरगं घरी एकटं किंवा आजीजवळ. त्याला "पालकांना सांगून ड्रेस शिवून घे" म्हणण्यात काही राम नाही. म्हणून आम्ही प्रात्यक्षिकातच दुसऱ्या ट्रेडचे वर्कशॉप कोट शिवायला घेतले. कापडाचा खर्च तेवढा मुलांचा. माझ्या मुलींना खऱ्या अंगावरची मापं मिळाली, मुलांना स्वस्तात कोट. फिटर-टर्नरला असलेल्या मुली सलवार-कमीजवर ओढणी घ्यायच्या. त्यांच्यासाठी गळ्यापर्यंत बटणं असलेला, गुडघ्यापर्यंतचा कोट काढला, ओढणी आपोआप सुटली. आणि एक दिसलं. मैत्रिणीनं शिवलेला कोट पोरं जपून वापरतात, त्यावर ग्रीसचा हात पुसत नाहीत.

धागाकर्ता

मॅडम, हे आमच्याकडेही करता येईल. प्राचार्यांशी बोलतो. कापड कोणतं घेतलंत? आणि फिटरसाठी काही वेगळं?

सुईंग टेक्नॉलॉजी निदेशिका, बीड

शंभर टक्के सुती ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचं मजबूत कापड. कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडून बाह्या वर जातात. फार जाड घेऊ नका, पावसाळ्यात रात्रीतून वाळत नाही. फिटरला बाहीचा कफ मनगटाशी बटणानं बंद होणारा ठेवा. छातीच्या खिशाला झाकण हवं, वाकलं की स्टील रूल खाली पडतो. मापं घेताना पोराला उकिडवं बसायला लावा, पाठीत आणि खांद्यात किती कापड लागतं ते तेव्हाच कळतं. मापांचा आमचा तक्ता उद्या पाठवते.