आजोबांची डिस्पोजलची जीप विकावी, पण तिचे खानदेशातले आयुष्य पुसून विकू नये

तापीकाठ (शिरपूर तालुका)

आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत दुसऱ्या महायुद्धातील एक जीप उभी आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांनी हिंदुस्थानात मागे ठेवलेली वाहने लिलावात निघाली आणि त्यांना आपल्याकडे ‘डिस्पोजलच्या गाड्या’ असे नाव पडले. आजोबांनी अशीच एक गाडी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा आपला जिल्हा अजून पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जात होता. पुढची पन्नासएक वर्षे ती आमच्याकडे चालली. बोराडीकडच्या रस्त्याने, अरुणावतीच्या वाळूतून, पळासनेरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ती गेली. हंगामात तिच्या मागे ट्रॉली जोडून कापूस जिनात जात असे आणि त्यासाठी गावच्या लोहाराने मागच्या बाजूस वेल्डिंग करून बसवलेला आकडा (हुक) आजही तसाच आहे.

आम्ही तिघे भाऊ आहोत. धाकट्याला पैशांची निकड आहे आणि गाडी उन्हापावसात कुजत ठेवण्यात कोणाचेच हित नाही, म्हणून ती विकायची हे ठरले आहे. दोन देकार आले आहेत. पुण्याचे एक गृहस्थ मोठी रक्कम देण्यास तयार आहेत, परंतु ते गाडी पूर्ण सोलून ‘१९४४ सालासारखी’ करणार आहेत, म्हणजे नवा पत्रा, लष्करी हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा. आकडा आम्हीच आधी कापून द्यावा, असेही त्यांचे म्हणणे आहे. दुसरे ग्राहक जळगाव जिल्ह्यातील आहेत. ते बरेच कमी पैसे देतात, पण गाडी आहे तशी, तिच्या सगळ्या खुणांसह नेऊ इच्छितात.

माझे मत दुसऱ्या ग्राहकाच्या बाजूचे आहे आणि त्याचे कारण केवळ भावनेचे नाही. १९४१ ते १९४५ या काळात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. आमची जीप फोर्डची आहे. रेडिएटरच्या खालची चासीची (गाडीच्या लोखंडी सांगाड्याची) आडवी पट्टी विलिजमध्ये गोल नळीची असते, आमच्या गाडीत ती उलट्या नालीसारखी आहे, आणि अनेक बोल्टांच्या माथ्यावर फोर्डचे ‘एफ’ हे अक्षर अजून वाचता येते. अशा गाड्या जगभरात हजारोंनी जपल्या गेल्या आहेत, त्यामुळे तारा रंगवलेली गुळगुळीत जीप ज्याला हवी त्याला ती कोठेही मिळेल. चार वर्षे फौजेत आणि पन्नास वर्षे कापसाच्या मागे राबलेली, आणि त्या दोन्ही आयुष्यांच्या खुणा अंगावर असलेली जीप मात्र विकत घेऊन पुन्हा घडवता येत नाही. पुणेकरांच्या पद्धतीने गाडीची चार वर्षे उजळतील आणि पन्नास वर्षे भंगारात जातील.

म्हणून माझे म्हणणे असे की विक्रीपूर्वी कोणतीही डागडुजी करू नये, रंगाला हात लावू नये, आणि गाडी कागदपत्रे, सुटे भाग व लिहून काढलेली हकिकत यांच्यासह एकत्र द्यावी. जाणकारांचे मत ऐकायचे आहे.

जुना फिटर (भुसावळ)

तापीकाठ, तुमच्या आजोबांविषयीचा आदर मला समजतो, तरीही तुमचे म्हणणे मला मान्य नाही. मी अशा गाड्यांवर चाळीस वर्षे काम केले आहे. गंज हा इतिहास नव्हे, तो रोग आहे. दुखणे हीच माणसाची ओळख, असे म्हणून त्याला औषध न देण्यासारखे हे झाले.

यंत्राच्या बाजूने विचार करा. या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीची टाकी तळातून खाल्ली गेलेली असणार, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे टाकीला गंज चढतो, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला जुना पडदा (डायफ्रॅम) आणि कार्बोरेटरची वॉशरे फुगतात. सहा व्होल्टच्या वायरींवर कापडी वेष्टण असते, ते आपल्या मे महिन्यात बोट लावले तरी चुरगळते. अशी गाडी ‘आहे तशी’ विकणे म्हणजे घेणाऱ्याच्या बुडाखाली आग ठेवून विकणे आहे.

आकड्याविषयीही सांगतो. मागच्या आडपट्टीवर ट्रॉली ओढण्यासाठी फौजेचाच हुक बसवलेला होता. तुमच्या लोहाराने त्याच्या जागी किंवा शेजारी जाड वेल्डिंग केले असेल, तर चासीला तिथून भेगा गेल्या असण्याची दाट शक्यता आहे. मी अशा कितीतरी चासी कापून जोडल्या आहेत. त्या लोहाराने अडचणीच्या वेळी जे हाताशी होते त्यावर काम भागवले, ते जपून ठेवण्यासाठी केले नव्हते. आज तो स्वतः असता तर त्यानेच ते काढून नीट करून दिले असते.

पुण्याचा ग्राहक पैसे खर्च करून गाडी पुन्हा रस्त्यावर आणणार आहे. गाडी चालली तर ती जगली. पडवीत असो की दुसऱ्याच्या शेडमध्ये, उभी गाडी मरतेच.

पांझरा (धुळे)

मी तापीकाठ यांच्या बाजूने आहे, परंतु माझे कारण थोडे वेगळे आहे.

आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस येथेच वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ स्थापन झाले. त्यांनी घरोघर हिंडून जुन्या कागदपत्रांची जी दप्तरे जमवली, ती कसर लागलेली, पाण्याने डागाळलेली होती. त्यांनी ती स्वच्छ कोऱ्या कागदावर उतरवून मूळ कागद फेकून दिले नाहीत, कारण नक्कल कितीही सुवाच्य असली तरी ती मूळ कागदाची साक्ष देऊ शकत नाही. गाडीचा पत्राही असाच साक्षीदार असतो. अमेरिकी फौजेच्या जीपच्या बॉनेटच्या बाजूस २० या आकड्याने सुरू होणारा लष्करी क्रमांक रंगवलेला असे. वरचे रंगाचे थर बारीक पॉलिश कागदाने पाणी लावून हळूहळू उतरवले, तर तो क्रमांक पुष्कळदा खाली सापडतो. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा एकदा फिरला की तो कायमचा गेला, आणि नंतर रंगवलेला क्रमांक हा केवळ मनाने बसवलेला क्रमांक असतो.

आता एक अनुभव सांगतो, कारण विक्रीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. माझ्या मामांची अशीच जीप दुरुस्तीसाठी एका कारखान्यात दिली होती. तेथे चासी स्वच्छ करताना डाव्या पट्टीवर ठोकलेला चासी क्रमांक ग्राइंडरने घासला गेला. पुढे हस्तांतरणाच्या वेळी पेन्सिलीने क्रमांकाचा ठसा घ्यायचा, तर कागदावर एक अक्षर उमटेना. आरसी बुक खरे, गाडी खरी, पण दोघांचा संबंध सिद्ध करणारी एकमेव खूण नाहीशी झाली होती. ग्राहक निघून गेला आणि गाडी अजून मामांच्या खळ्यात आहे.

तापीकाठ, आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी नमुना ३१ असतो. त्यानंतरच नमुना २९ आणि ३० भरून ग्राहकाच्या नावावर गाडी जाते. ही पायरी गाळून मयताच्या नावाने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेणारे दलाल पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. शिवाय केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. म्हणजे मूळपणा जपणे ही तुमची हौस नाही, कायद्यानेही त्याला मोल दिले आहे.

सातपुडा (तळोदा)

वरचे तिन्ही लेखक गाडीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत आहेत, असे मला वाटते, आणि त्याला माझा विरोध आहे.

आमच्याकडेही याच पिढीतली एक जीप आहे. वडिलांनी तिचे पेट्रोल इंजिन काढून महिंद्राच्या गाडीतले प्यूजो डिझेल इंजिन बसवले. पांझरा यांनी सांगितलेल्या नियमाने आमची गाडी कधीच व्हिंटेज ठरणार नाही, कारण तिचे इंजिन बदलले आहे. मग तिला इतिहास नाही का? मूळ इंजिन २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते, ते पेट्रोल पिते आणि आमच्या उन्हात घाटात गरम होऊन बंद पडते. त्या काळी सुटे भाग मिळत नव्हते आणि पेट्रोल परवडत नव्हते. ज्यांनी इंजिन बदलले त्यांच्याच गाड्या आज चालत आहेत. ज्यांनी मूळ इंजिनाचा हट्ट धरला, त्यांतल्या बहुतेक गाड्या मी भंगारात जाताना पाहिल्या आहेत. तेव्हा मूळ रूप शाबूत राहिलेली गाडी ही बहुधा ज्याच्याकडे दुसरी गाडी होती त्याची असते.

आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की ती गाडी रोजच्या वापरासाठी राहत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेतावर जाणाऱ्या माणसाने हे शुल्क का भरावे? माझे मत असे की डिझेल टाका, पत्रा नीट करा आणि ज्याला वापरायची आहे अशा शेतकऱ्याला विका.

अमळनेरकर

गाडी खानदेशाबाहेर जाऊ देऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखे आहे, पण तिथे ही जीप युद्धाची जीप म्हणून उभी राहील. कापसाच्या ट्रॉलीचा आकडा तिथे कोणाला कळणार?

तापीकाठ (शिरपूर तालुका)

सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. उत्तरे वाचून माझे मत काही ठिकाणी बदलले आहे आणि काही ठिकाणी पक्के झाले आहे.

जुना फिटर यांचे टाकी आणि वायरिंगविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. ‘कोणतीही डागडुजी नको’ हे माझे विधान चुकीचे होते. परंतु दुरुस्ती दोन प्रकारची असते. काही कामे परत फिरवता येतात. नवी टाकी बसवली आणि जुनी पोत्यात बांधून गाडीबरोबर दिली, तर काहीच हरवत नाही. वायरी, नळ्या, वॉशरे यांचेही तसेच. मात्र पत्रा कापणे, रंग उतरवणे, चासी घासणे ही कामे परत फिरवता येत नाहीत. पहिल्या प्रकारची कामे ग्राहकाने खुशाल करावीत, आणि दुसऱ्या प्रकारच्या कामांना मी आमच्या दारात परवानगी देणार नाही.

सातपुडा, आपले बोलणे मला लागले, कारण ते खरे आहे. आमच्या आजोबांकडे पुढे ट्रॅक्टर आला म्हणून ही जीप मूळ इंजिनासह उरली. आपल्या वडिलांनी बदललेले इंजिन हाही याच मुलखाचा इतिहास आहे आणि त्या गाडीची हकिकतही कोणीतरी लिहून ठेवायला हवी. माझा आक्षेप इंजिन बदलण्याला नाही. बदललेली गाडी नव्या बनवलेल्या पितळी पाट्या ठोकून ‘अस्सल युद्धकालीन’ म्हणून विकली जाते, त्याला आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या आमच्या पाट्यांपैकी एक हरवली आहे. तिची नक्कल बाजारात मिळते, असे मला सांगण्यात आले. मी ती लावणार नाही, आणि ती नाही हे ग्राहकाला लेखी देईन.

एक आठवण येथे नोंदवतो. या जीपचे हेडलाइट बिजागरीवर असतात आणि उलटे फिरवले की उजेड इंजिनावर पडतो. फौजेने ती सोय रणांगणासाठी केली होती. आजोबा तोच उजेड रात्री विहिरीवरच्या पंपावर पाडून दुरुस्ती करत असत. डाव्या दिव्याची पंखनट (विंग नट) त्यांच्या हाताने इतकी फिरली आहे की तिचे कंगोरे झिजले आहेत. पुण्याच्या यादीत ती नट ‘बदलायचे भाग’ या सदरात आहे.

जुना फिटर (भुसावळ)

परत फिरणारे आणि न फिरणारे काम हा भेद मला पटला, आणि मी तो माझ्या शिकाऊ मुलांनाही सांगेन. तरी दोन गोष्टींवर माझा मतभेद कायम आहे. चासीला भेग असेल तर आकडा निघालाच पाहिजे. तिथे आठवणीचा विचार करता येणार नाही, कारण त्या गाडीत माणसे बसणार आहेत. आधी आकड्याभोवतीची माती आणि ग्रीस रॉकेलने धुऊन भिंगाने पाहा. भेग नसेल तर राहू द्या.

दुसरे असे की विक्रीनंतर तुमची अट कोणावर बंधनकारक राहणार? आज ‘आहे तशी ठेवतो’ म्हणणारा जळगावचा ग्राहक पाच वर्षांनी तीच गाडी पुण्याला विकेल. मग कमी पैसे घेऊन तुम्ही काय मिळवले? आणि तुमच्या धाकट्या भावाने तुमच्या तत्त्वासाठी आपला वाटा का सोडावा?

तापीकाठ (शिरपूर तालुका)

दुसरा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटला. त्यावर काल रात्री आम्ही तिघे भाऊ बसलो होतो. विक्रीनंतरची अट पाळली जाईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, हे खरे आहे. माझ्या हातात फक्त ती कोणाच्या हाती द्यायची एवढेच आहे. धाकट्याचा वाटा मात्र पुण्याच्या देकाराप्रमाणेच हिशेबात धरला जाईल आणि कमी पडणारी रक्कम माझ्या वाट्यातून जाईल. थोरल्या दादांनी त्यांच्याही वाट्यातून निम्मी द्यायची तयारी दाखवली.

आज सकाळी आकडा धुऊन पाहिला. डाव्या बाजूस वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसते. ती रंगाची आहे की चासीची, हे मला ठरवता येत नाही. जुना फिटर, आपण रविवारी शिरपूरला येऊ शकाल का? चासी क्रमांकाचा ठसा मी आधी घेऊन ठेवतो, त्यानंतरच आपण त्या रेघेला हात लावू.